तेवीस किलो

शेवटच्या रात्री अकराच्या आत
बॅगा दाराबाहेर, असा नियम.
नवव्या डेकच्या बोळातून मी फिरायचो
निळे टॅग, पिवळे टॅग, जांभळे टॅग बघत,
कुणाची चेन उघडी, कुणाचं हँडल मोडकं.
दर खेपेला एक तरी पाहुणा असा
की ज्यानं झाडून सगळे कपडे भरून टाकलेत,
पहाटे नाइटसूटवर दारात उभा:
"माझी पँट खाली गेली हो!"
खाली, म्हणजे जहाजाच्या पोटात,
जिथं अडीच हजार माणसांचं सामान
माणसांच्या आधीच घरी निघालेलं असतं.

मी घोकलेलं सांगायचो.
पासपोर्ट हातात ठेवा. औषधं हातात ठेवा.
उद्या घालायचं ते आत्ताच बाजूला काढा.
विमान दुपारचं आहे ना? सकाळचं नाही ना?
बंदर आणि विमानतळाच्या मधे
काहीतरी उशीर करतंच.

आज माझा साइन-ऑफ.
नऊ महिने, एक बॅग, तेवीस किलो.
क्रू मेसच्या मागे काटा, काट्यापुढे रांग.
रोमेल बॅगेवर बसतो, मी चेन ओढतो,
मग मी बसतो, तो ओढतो.
पंचवीस पॉइंट एक.
शाम्पूच्या बाटल्या काढल्या.
भाचीच्या बाहुलीचा खोका काढला, बाहुली ठेवली.
सेफ्टी शूज पायात, जाकीट अंगात,
जाकिटाच्या चारी खिशांत चॉकलेटं.
माणसाला कुणी तोलत नाही, हे एक बरं.
रोमेल म्हणाला, तो दगड काढ की, वेडा आहेस का.
म्हटलं, तो सोडून काहीही काढ.

दिल्लीला बॅग उचलायची, कस्टममधून न्यायची,
पुन्हा पट्ट्यावर टाकायची.
पडद्यावर बघून साहेबानं विचारलं, ये क्या है?
पत्थर, साहब.
त्यानं मला बघितलं, पडद्याला बघितलं,
आणि मागच्याला पुढे बोलावलं.

संध्याकाळी खिडकीत पनवेलची खाडी,
खारफुटी, चिखलात अडकलेलं उजेडाचं पाणी.
उतरताना पोटात गोळा आला
तो विमानामुळे नाही.
चाकं टेकली तिथंच कुठंतरी आमचा ओटा होता.
नेमका कुठं, ते सांगता यायचं नाही.
खुणेला टेकडी होती,
टेकडीच कापून भरावाला घातली.

तेव्हा मी पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर, अलास्काच्या बाजूला.
मेसमध्ये सिग्नल आला तसा व्हिडिओ उघडला:
टेम्पो, टेम्पोत कपाट, कपाटावर गाद्या,
गाद्यांवर निकेश, मांडीवर देव्हारा.
मागं भिंतीवर लाल रंगात घराचा नंबर.
त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं
काय हातात ठेवा, काय आधी बाजूला काढा.
आईनं पाटा नेला, वरवंटा राहिला.
दुसऱ्या दिवशी निकेश परत गेला
तर घर कुठलं, हे शेजाऱ्यांनाही ओळखेना.

बेल्ट फिरत होता.
माझी बॅग सगळ्यात शेवटी आली, आडवी,
पडद्यातून अंग चोरत.

करंजाड्याला लिफ्ट बंद. तीन मजले.
आई मधे आली, एक बाजू धरली, सोडली.
"कवरी जड रं! धोंडे भरलेस का काय?"
हो, म्हटलं. एकच.

नॉर्वेच्या एका बंदरात, धक्क्याखाली सापडलेला,
काळा, लांबट, दोन्ही टोकांना गोल.
मोज्यांत गुंडाळलेला.
आईनं धुतला, पुसला, पाट्यावर ठेवला,
दोन्ही हातांनी पुढं ढकलला, मागं ओढला.
चार बोटं आखूड निघाला.
"चाललं," म्हणाली.
मिरची वाटताना तो जरा डावीकडे पळतो,
ती दर वेळी त्याला मधे आणते.